दुसरी चोरी

आमच्या घरी १९९१ साली सतरा दिवसांत दोनदा चोरी झाली. पहिल्या चोरीची हकीकत मी पुढे अनेक वर्षं आल्यागेल्याला रंगवून सांगत असे. दुसरीबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. ती आईच्या पाटल्यांची होती.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी बदली झालेली होती. बैठं घर, पुढे ओटा, मागे परसू, परसाला लागून बोळ. मे अखेरीस मेहुण्याच्या लग्नाला आम्ही झाडून सगळे कोल्हापूरला गेलो. चौथ्या दिवशी परतलो तर मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला, कपाट उघडं आणि घरभर कपडे. टेपरेकॉर्डर गेला, चांदीचं ताम्हन गेलं, बायकोच्या दोन चांगल्या साड्या गेल्या, गादीखाली ठेवलेले थोडे पैसे गेले. पंचनामा झाला. फिर्यादीत ‘अज्ञात इसमाने’ हे शब्द आले, ४५७ आणि ३८० ही कलमं आली. (भारतीय दंड संहितेतली ही कलमं आता इतिहासजमा झाली. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी न्याय संहितेतली आली आहेत. चोराला त्याचं काही सोयरसुतक असेल असं वाटत नाही.) संध्याकाळी गल्लीतली माणसं धीर द्यायला जमली. शेजारचे मास्तर म्हणाले, “एक बरं झालं साहेब. आता तुमच्याकडे तो पुन्हा यायचा नाही. धुऊन नेलेल्या घरात काय ठेवलंय?” हवालदारांनीही मान डोलावली. मलाही ते पटलं. आपल्या वाटणीची चोरी एकदा होऊन गेली, आता आपण मोकळे, अशी काहीशी भावना मनात होती. देवी एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाहीत, तसं.

सुताराला निरोप धाडला. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. मी तोच कोयंडा जरा लांब स्क्रू घालून पुन्हा बसवला. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढून नवा टेपरेकॉर्डर आणला. आणि आई धाकट्या भावाकडे गेली होती, ती येताना तिथे ठेवलेल्या आपल्या पाटल्या घेऊन आली. का, तर इथे आता चोर येणार नाही. तांदळाच्या डब्यात तिने त्या ठेवल्या.

सतराव्या दिवशी दुपारी मी बँकेत, बायको शाळेत शिकवायला, आणि आई देवळात पोथी ऐकायला गेली होती. ती तासाभराने आली तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. टेपरेकॉर्डर गेला होता, तांदूळ स्वयंपाकघरभर सांडलेले होते.

आई एकच विचारत होती, “मी मागची कडी घातली होती ना रे?” तिला आठवत नव्हतं. मी घामाघूम होऊन बँकेतून आलेला, पतपेढीचे हप्ते डोळ्यांसमोर. मी म्हणालो, “घातली असतीस तर ही वेळ आली असती का?”

पुढे अठरा वर्षं ती होती. त्या वर्षांत घराबाहेर पडताना ती कड्या तीनतीनदा ओढून पाहायची, अर्ध्या रस्त्यातून परत यायची, रिक्षा थांबवून ठेवायची. आम्ही तिची थट्टा करायचो.

आता यात संशोधनाचा संबंध कुठे आला, ते सांगतो. निवृत्त झाल्यावर मी एक कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात एक घरफोड्या आहे. बँकेत चाळीसएक वर्षं काढल्यामुळे पेनाने चोरी करणारे मला पुष्कळ ठाऊक, पण कटावणीने करणारा एकही नाही. मँचेस्टरला राहणाऱ्या भाचीला सहज विचारलं, तर तिने ब्रिटिश सरकारच्या गृहखात्याने काढलेल्या काही पातळ पुस्तिकांच्या प्रती पाठवल्या. “मामा, यात चोरांच्या मुलाखती आहेत,” एवढंच तिने लिहिलं होतं. सरकारी अहवाल म्हटला की आपली झोप आठवते. मी त्या रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो होतो.

ब्रिटनच्या गृहखात्याने १९५७ साली स्वतःचा संशोधन विभाग काढला आणि १९८३ साली गुन्हे घडण्याआधीच ते टाळण्याचा विचार करणारं एक वेगळं पथक. त्याच्या पैशांनी आणि पाठबळाने झालेला एक प्रयोग मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावातला आहे. रॉचडेल हे नाव वाचून मी हसलो. बँकेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने ते घोकलेलं आहे. १८४४ साली तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी सहकारी दुकान काढलं आणि आधुनिक सहकाराची सुरुवात झाली म्हणतात. त्याच गावाच्या कडेला कर्कहोल्ट नावाची नगरपालिकेच्या घरांची वसाहत आहे. सुमारे सव्वादोन हजार घरं, बहुतेक भाडेकरू कामगार नाहीतर बेकार. १९८०नंतरच्या त्या दशकात या वसाहतीत घरफोड्यांनी उच्छाद मांडला होता. १९८६ साली दर चार घरांमागे साधारण एक घरफोडी नोंदली गेली.

अशा वेळी आपण काय करू? गस्त वाढवू, माहितीतल्या गुन्हेगारांना उचलून आणू, एखादी चौकी मागू. मँचेस्टर विद्यापीठाचे केन पीज आणि त्यांचे सहकारी मात्र वसाहतीत शिरले आणि विचारत सुटले. ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांना विचारलं, त्यांच्या शेजाऱ्यांना विचारलं, आणि प्रोबेशन अधिकाऱ्यांमार्फत पकडलेल्या चोरांनाही विचारलं. आत कसा शिरलास, हेच घर का, काय न्यायचं ठरवलं होतंस? पोलिसांच्या नोंदी त्यांनी घरवार लावल्या. त्यातून निघालेल्या दोन गोष्टी मला हलवून गेल्या.

पहिली बँकवाल्याला ताबडतोब कळावी अशी. त्या घरांमध्ये गॅसचे आणि विजेचे मीटर नाणी टाकून चालायचे. नाणं टाका, तेवढा गॅस घ्या. कंपनीचा माणूस येऊन पेटी रिकामी करेपर्यंत नाणी आतच. म्हणजे प्रत्येक घरात एक गल्ला, त्याला किरकोळ कुलूप, आणि तो कुठे बसवलेला असतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. जवळपास निम्म्या चोऱ्यांत हा गल्ला फुटला होता. आमच्याकडे शिपायाने रोकड टेबलावर ठेवून चहाला जायचं म्हटलं तरी मेमो मिळाला असता. इथे अख्ख्या वसाहतीत वर्षानुवर्षं रोकड भिंतीला टांगलेली होती आणि चर्चा चालली होती ती तरुण पिढी बिघडल्याची.

दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तिका मिटून ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. १९८६ सालात ज्या घरी एकदा चोरी झाली होती, त्या घरी पुन्हा चोरी होण्याची शक्यता, कधीच चोरी न झालेल्या घरात पहिली चोरी होण्याच्या शक्यतेच्या चौपटीहून अधिक होती. चौपट! मास्तरांनी, हवालदारांनी आणि मी मिळून ओट्यावर काढलेला निष्कर्ष बरोबर उलटा होता.

कारण काय, तेही विचारात घेतलेलं आहे. पीज यांनी पुढे त्याची दोन अंगं मांडली. काही घरं मुळातच चोराला खुणावणारी असतात. मागे बोळ, दार तकलादू, दिवसा कुणी नाही. आज हा चोर येईल, उद्या दुसरा येईल. आणि शिवाय पहिली चोरी स्वतःच दुसरीची वाट करून देते. चोराला आता दार ठाऊक आहे, कुत्रं नाही हे ठाऊक आहे, पळायचा रस्ता ठाऊक आहे. गेल्या खेपेला जे उचलता आलं नाही ते कुठे आहे हेही ठाऊक. आणि मालक महिन्याभरात गेलेल्या वस्तूंच्या जागी कोऱ्या वस्तू आणून ठेवणार, याचाही त्याला अंदाज असतो. पतपेढीच्या कर्जावर आणलेला माझा टेपरेकॉर्डर त्याने बहुधा माझ्याआधी हिशेबात धरला होता.

सतरा दिवसांचाही खुलासा झाला. कॅनडात सॅस्कटून नावाच्या शहरातल्या नोंदी अशाच तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की पहिल्या चोरीनंतरच्या महिन्याभरात पुन्हा चोरीचा धोका अपेक्षेपेक्षा बारापटीहून अधिक असतो, आणि मग तो झपाट्याने उतरत जातो. त्या महिन्याभरात झालेल्या दुसऱ्या चोऱ्यांपैकी निम्म्या तर पहिल्या सात दिवसांतच झाल्या होत्या. म्हणजे सुतार ‘उद्या येतो’ म्हणत होता तेच दिवस सगळ्यांत धोक्याचे होते.

कर्कहोल्टमध्ये मग जे केलं ते फार अवघड नव्हतं. नाण्यांचे मीटर काढून टाकायला सुरुवात झाली. चोरी झालेल्या घराची दारं-खिडक्या ताबडतोब पक्क्या करून द्यायच्या, आणि त्याही चोर प्रत्यक्ष कुठून येतात हे चोरांकडूनच कळलेलं असल्याने, नेमक्या तिथे. बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनेतून नेमलेली माणसं अशा घरी जात, धीर देत, वस्तूंवर खुणा करून देत. आणि मग मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट: त्या घराभोवतीच्या साधारण सहा घरांना विचारायचं, की पुढचे काही आठवडे तुम्ही या एका घरावर नजर ठेवाल का? सबंध वसाहतीने सबंध वसाहतीवर नजर ठेवायची, असल्या भव्य योजना महिन्याभरात थकतात. सहा घरांनी एका घराकडे पाहायचं, हे जमतं. त्याला त्यांनी नाव दिलं कोष. सुरवंटाचा असतो तो.

प्रयोगाच्या आधीच्या वर्षात वसाहतीत ५२६ घरफोड्या झाल्या होत्या. पहिल्या वर्षात त्या २२३वर आल्या, पुढच्या वर्षी १६७ आणि १९८९-९०मध्ये १३२. त्याच घरी पुन्हा चोरी होण्याचे प्रकार काही महिन्यांतच शून्यावर उतरले. इथून हाकललेला चोर शेजारच्या वस्तीत गेला असेल, ही शंका मलाही आली, तुम्हालाही आली असेल. संशोधकांनी ती तपासली. तसं आढळलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात ते चोराकडे वळले. मुलाखतींतून कर्जाचा आणि तंगीचा विषय पुढे आला होता. म्हणून वसाहतीत एक छोटी पतपेढी काढण्यात आली, कमी व्याजाने अडीनडीला पैसे देणारी. आपल्याकडच्या काही पतसंस्थांचा अनुभव पाहता चोऱ्या थांबवायला पतसंस्था काढली हे वाचून कुणाला हसू येईल. मलाही आलं. पण रॉचडेलचंच गाव ते, त्यांना दुसरं काय सुचणार!

आकडे पाहून हुरळून जाण्याची बँकवाल्याला सवय नसते. ताळेबंद फार चांगला दिसला की आम्ही आधी तळटीपा वाचतो. इथेही तळटीपा आहेत. इतके उपाय एकदम केल्यावर गुण कशाचा आला? मीटर काढल्याचा, कुलपांचा, की सहा शेजाऱ्यांचा? ते सुटं करून सांगता येत नाही. पुढे इतर ठिकाणी ‘कर्कहोल्टसारखं’ म्हणून प्रकल्प निघाले, त्यांची तपासणी निक टिली यांनी १९९३ साली गृहखात्यासाठीच केली. त्यांना दिसलं, की जो तो कर्कहोल्टचं आपल्याला आवडलेलं टोक उचलतो. कुणी कुलपं उचलली, कुणी शेजार उचलला. जिथे नाण्यांचे मीटरच नाहीत तिथे ते काढणार कसे? यश कुठे आलं, कुठे नाही. हा अहवालही सरकारने छापला, आणि तो छापला म्हणून पहिल्यावर माझा विश्वास बसला. हडर्सफील्डला पोलिसांनी यातून एक पायऱ्यांची पद्धत बसवली. पहिली चोरी झाली की कांस्य, दुसरी झाली की रौप्य, त्यानंतर सुवर्ण, अशी चढती मदत, वरच्या पायरीला तर घरात काही दिवस गजराचं यंत्र उसनं बसवून द्यायचं. पदकं मात्र चोरी झालेल्याला, ही खास इंग्रजी गंमत.

या सगळ्याच्या मागे एक साधा विचार आहे. १९७६ साली याच गृहखात्याच्या संशोधकांनी तो एका छोट्या पुस्तकात मांडला होता. गुन्हा काही अंशी संधीतून जन्मतो. पश्चिम जर्मनीत १९६३ साली जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं, तिथे मोटारचोऱ्या घटल्या. ब्रिटनने १९७१पासून ते फक्त नव्या गाड्यांना लावलं, तेव्हा चोर जुन्या गाड्यांकडे वळले. त्याच पश्चिम जर्मनीत हेल्मेट न घालणाऱ्याला १९८० साली जागेवर दंड सुरू झाला. १९८०मध्ये तिथे दीड लाखांहून अधिक मोटरसायकली चोरीला गेल्या होत्या. १९८६मध्ये आकडा ५४ हजारांवर आला. रस्त्यात गाडी दिसली आणि मोह झाला, तर हेल्मेट कुठून आणणार? बिनहेल्मेटचा गडी पहिल्याच चौकात पकडला जायचा. पुणेकर वाचकांनी रागावू नये, मी फक्त आकडे सांगतो आहे.

मला मात्र राहून राहून आठवत होती ती आमची शाखा. आमच्या घरी चोरी झाली त्याच वर्षी पावसाळ्यात कुणीतरी बँकेची मागची जाळी कापायचा प्रयत्न केला होता. तो फसला. एक रुपयाही गेला नाही. चौथ्या दिवशी विभागीय कार्यालयाचा माणूस हजर, आठवड्यात नवी जाळी, रात्रीचा बंदूकधारी पहारेकरी, आणि परिपत्रक. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात त्या तर पहिल्या दिवसापासून. ज्या शाखेत एकदा अफरातफर झाली, तिथे तपासनीस पुढली कित्येक वर्षं आधी जातो. जिथे एकदा गेलं तिथे पुन्हा जाईल, हे बँक धरूनच चालते. मी दिवसभर त्या नियमांवर सह्या करत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन जुन्याच कोयंड्याला लांब स्क्रू मारत होतो. घराला विभागीय कार्यालय नसतं.

आपल्याकडे असं संशोधन करणारी यंत्रणा नाही, असं नाही. पोलिस संशोधन आणि विकास ब्यूरो १९७० साली दिल्लीत स्थापन झाला. १९८६पासून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आहे, त्याचे वार्षिक खंड कुणालाही पाहता येतात. मी ते पाहिले. राज्यवार घरफोड्या आहेत, गेलेल्या आणि परत मिळालेल्या मालाची किंमत आहे. पण ते खंड पोलिसांत नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांवर उभे आहेत. एकाच घराचं दार सतरा दिवसांत दोनदा फुटलं, तर तिथे ती दोन स्वतंत्र प्रकरणं. ब्रिटनने १९८२ साली नागरिकांच्या घरोघर जाऊन, ‘वर्षभरात तुमच्या बाबतीत काय काय घडलं, पोलिसांत गेला असाल वा नसाल’ हे विचारायला सुरुवात केली. त्या पाहणीच्या १९९२ सालच्या फेरीत दिसून आलं, की अवघ्या चार टक्के माणसांच्या वाट्याला सुमारे ४४ टक्के गुन्हे आले होते. गुन्हे सर्वांवर पावसासारखे पडत नाहीत. काही घरांवर पागोळी असते. ती कुठे आहे हे कळलं, तर तुटपुंज्या शिपायांना कुठे उभं करायचं हे कळतं. त्यासाठी पंचनाम्याच्या कागदावर एक ओळ पुरे: यापूर्वी या घरात चोरी झाली होती का, आणि केव्हा? मला १९९१ साली दोन्ही वेळा ते कुणी विचारलं नव्हतं. आणि मी तरी दुसऱ्या वेळी आईला काय विचारलं होतं!

ती २००९ साली गेली. पुस्तिका माझ्या हाती आली तेव्हा तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कडी घातली होती की नव्हती, हे आजही कुणाला ठाऊक नाही. आमचं घर बोळाला लागून होतं, कोयंडा एकदा उचकटलेला होता, सतरावा दिवस होता. घातली असती तरी तो आला असता, असं मला वाटतं. हे वाक्य मी मनात तिच्यासमोर अनेकदा बोललो आहे. ती काय म्हणेल तेही ठाऊक आहे. “जाऊ दे, मेल्या, जेव आता.”

गेल्या दिवाळीनंतर आमच्या इमारतीत तळमजल्यावर चोरी झाली. आता आम्ही पुण्यात राहतो. तिथे एक मावशी एकट्या असतात, मुलगा बंगळूरला. भाऊबीजेला त्या भावाकडे गेल्या होत्या. खाली गेलो तर सोसायटीची माणसं जमलेली आणि कुणीतरी म्हणत होतं, “आता काळजी नाही, तो काही परत येत नाही.” मी एरवी असल्या बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी बोललो, जरा चढ्या आवाजातच. आजूबाजूच्या पाच-सहा घरांचे नंबर एका कागदावर लिहून मावशींच्या फोनपाशी चिकटवले. महिनाभर दुपारी कोण केव्हा घरी असतं तेही लिहून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, “तुम्ही कादंबरीवाले लोक.” पण त्यांनी आपली वेळ लिहून दिली, दोन ते चार.

मावशी खुर्चीत बसून होत्या. मला हळूच म्हणाल्या, “मी जाताना लॅच नीट ओढलं नव्हतं का हो?”

“ओढलं होतं,” मी म्हणालो. मी पाहिलं नव्हतं.

सुताराला मी तीनदा फोन केला होता. उद्या सकाळी येतो म्हणत होता. चौथ्यांदा मी रिक्षा करून त्याच्या दुकानातच गेलो आणि त्याची पिशवी उचलून रिक्षात ठेवली. सव्वासहाला तो कामाला लागला. साडेसातपर्यंत नवा कोयंडा बसला, मागच्या खिडकीला गज बसायचे राहिले, ते परवा.